जुन्या ट्यूबची पट्टी घालून टायर टिकत नाही हो

महिनाभर एक फॉरवर्ड सगळ्या ग्रूपवर फिरतोय, फॅमिली ग्रूपवर तीनदा येऊन गेला आणि परवा देवळाच्या कमिटीच्या ग्रूपवरपण. थोडक्यात असा: सायकलचा टायर रिमवरून निघत असेल तर नवा घेऊ नका, जुना झाला की रबर ताणून सैल होतं एवढंच. २६ चा टायर २६ च्या कुठल्याही रिमला चालतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिमवर दोन फेरे गुंडाळा, कडेला पंक्चरचं सोल्यूशन लावा, हवा टाइट भरा, जन्मात निघणार नाही, गोव्यातले पोदेर (सायकलवरून पाव विकणारे) वर्षानुवर्षं हेच करतात. खाली हात जोडलेले आणि गुलाबाची फुलं.

मी काही मेकॅनिक नाही, पण घरच्या आणि ताईकडच्या मिळून चार सायकलींची पंक्चरं मीच काढतो आणि यातल्या एका वाक्यापायी माझ्या भाचीचे गुडघे फुटलेत, म्हणून लिहितोय.

ते वाक्य म्हणजे "२६ म्हणजे २६". ताई गोव्यात चोडण बेटावर असते. भाचीच्या लेडीज सायकलचा मागचा टायर घासून धागे दिसायला लागले होते, मी दुकानात जाऊन म्हटलं २६ चा द्या, त्याने दिला, त्यानेही विचारलं नाही आणि मीही बघितलं नाही. घरी चढवताना लिव्हर (टायर रिमवर चढवायची पट्टी) लागलीच नाही, नुसत्या अंगठ्यांनी सरकन आत गेला, आणि मी वेडा खूश, म्हटलं काय मस्त टायर आहे. खरं तर तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. हवा भरून चाक फिरवलं तर एका जागी पोट आलेलं, ते दाबून बसवलं, ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी रायबंदरला फेरीबोटीतून उतरून पोरगी रॅम्प चढत होती, फटाका फुटावा तसा आवाज झाला, टायर एका बाजूने बाहेर, ट्यूब फाटून चाकात गुंडाळलेली आणि ती रॅम्पवर. मागे कार होती, तिने ब्रेक मारला म्हणून बरं.

मग जुना आणि नवा टायर शेजारी ठेवून वाचले. जुन्यावर २६ × १ १/२, नव्यावर २६ × १ ३/८. आता कोणालाही वाटेल की १ ३/८ कमी आहे म्हणजे तो लहान, बसायचा तर घट्ट बसेल. उलटं आहे. हे २६ इंच म्हणजे पूर्वी टायरची बाहेरून बाहेर मोजलेली उंची, साधारण ६६० मिलिमीटर. बाहेरचं माप तेच ठेवायचं तर जाड टायरला आतली रिम लहान लागते आणि बारीक टायरला मोठी. त्यामुळे १ ३/८ चं आतलं माप ५९० मिलिमीटर, १ १/२ चं ५८४, आणि गियरवाल्या सायकलींचे ते जाडे २६ × १.९५ असतात त्यांचं ५५९. तिघांवरही २६ च लिहिलेलं! ५९० चा टायर ५८४ च्या रिमवर म्हणजे व्यासात ६ मिलिमीटर जास्त, घेरात जवळजवळ १९. एवढी ढिली बांगडी हातात राहत नाही. आणि अजून एक गंमत, २६ × १.५ आणि २६ × १ १/२ हे गणितात सारखे पण सायकलीत नाहीत, पहिला ५५९ चा, दुसरा ५८४ चा. पॉइंटवाला आणि अपूर्णांकवाला एकमेकांच्या जागी घ्यायचा नाही.

२८ मध्येही तोच घोळ. आजोबांच्या काळ्या डबलबार सायकलीचा २८ × १ १/२ हा ६३५ चा, आणि हल्लीच्या हायब्रिड सायकलींवर २८ लिहिलेला किंवा ७००सी लिहिलेला ६२२ चा.

म्हणून इंच सोडा, टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ३७-५९० किंवा ४०-५८४ असा आकडा असतो तो बघा. पहिला रुंदी, दुसरा आतला व्यास. दुसरा आकडा जुन्या टायरशी जुळलाच पाहिजे. स्वस्तातल्या काही टायरांवर नुसते इंच असतात, मग जुना टायर उचलून दुकानात न्या आणि अपूर्णांकासकट जुळवा, लाज कसली.

आता "रबर ताणून सैल होतं". टायर रिमवर धरून ठेवते ती त्याच्या कडेतली स्टीलची तार, आणि ती वापरून वापरून लांब होत नाही. पण ती तुटू शकते, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की वाकते, आणि आमच्या खाऱ्या हवेत कापड फाटून उघडी पडली की गंजते. कडेवरून बोटं फिरवा, एखाद्या जागी टोचलं किंवा अचानक मऊ लागलं तर तो टायर कामातून गेला. अशा वेळी नवा घेऊ नका हा सल्ला म्हणजे तर कहरच.

पट्टीचं थोडं खरं आहे, हे मान्य करतो. माप बरोबर असून टायर किंचित ढिला असेल तर कडेपर्यंत पोचणारी थोडी जाड रिमटेप (रिमच्या आत बसवायची पट्टी) घातल्याने तो मधोमध बसायला मदत होते. पण ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे सगळीकडून ३ मिलिमीटर भरून काढायचे, ते मऊ रबराने, जे वजन आलं की दबतं. आणि रिमची कड असते जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उंच, त्यातले तीन पट्टीने खाल्ले तर तार अडकणार कशाला? पोदेरांचं म्हणाल तर आमच्या वाड्यावर संध्याकाळी पाव घेऊन येणाऱ्याला मी सरळ विचारलं. तो हसला, "पात्रांव, ती पट्टी स्पोक ट्यूबला टोचू नयेत म्हणून!" एवढंच. कोणीतरी पट्टी बघितली आणि गोष्ट रचली.

सोल्यूशन रबराला रबर चिकटवायला असतं, लोखंडाच्या गंजक्या रिमवर ते कितीसं धरणार. रेसच्या सायकलींना टायर चिकटवतात हे खरं, पण ते टायर आणि त्या रिमा वेगळ्याच घडणीच्या असतात, गोंदपण वेगळा.

आणि हवा टाइट भरा हा सगळ्यात डेंजर सल्ला. हवेने तार आखूड होत नाही, उलट हवा टायरला बाहेरच ढकलते, जितकी जास्त तितका जोर जास्त, मग जिथे फट मिळेल तिथून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. मग कमी हवेवर चालवू का? तर नाही, टायर रिमवर सरकतो, वाल, म्हणजे हवा भरायची नळी, तिरका होतो आणि बुडाशी फाटतो.

माप बरोबर आहे आणि तरी टायर नीट बसत नाही, तर ट्यूबमध्ये आधी दोन पंप हवा घालून मग ती आत बसवा, दुमडत नाही. वाल एकदा आत दाबून सोडा, तिथे ट्यूब तारेखाली अडकते. मग थोडीच हवा, १०-१५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं हवेच्या दाबाचं माप), आणि चाक हळू फिरवत बघा, रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारखी वर दिसली पाहिजे. कुठे जास्त वर आली तर हवा सोडून हाताने तिथला टायर आत दाबा. सारखी झाली की टप्प्याटप्प्याने भरा, टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर नाही.

भाचीला ५८४ चा आणून दिला, अंगठे दुखेपर्यंत ढकलला तेव्हा गेला. तो ५९० चा दुकानदाराने परत घेतला नाही, वापरलेला म्हणे. शेजारच्या काकांच्या सायकलला तेच माप लागतं, त्यांना दिला. तिथे चढवताना दोन लिव्हर लागल्या.