नाक घासल्याने पिल्लू नेमकं काय शिकतं?

घरी पिल्लू आणल्याची बातमी नातेवाइकांत पोचली, की अभिनंदनाच्या पाठोपाठ एक फॉरवर्ड येतो. चिंगी आमच्याकडे आली तेव्हा मला तो तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सहा महिन्यांपर्यंत काही शिकवू नका, पिल्लाला कळत नाही. घरात घाण केली तर तिथेच नाक घासा. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. ऐकलं नाही तर उताणं पाडून दाबून धरा, म्हणजे म्होरक्या कोण ते समजेल. खाऊ देऊन शिकवू नका, लाचखोर होतं. गावठी असेल तर नादच सोडा. हुकूम इंग्रजीतच द्या. आणि तळाला 'सात दिवसांत फरक बघा!'

यातला सर्वांत महागात पडणारा सल्ला पहिलाच आहे. पूर्वी गळपट्ट्याला हिसके देऊन शिकवत. कोवळ्या मानेला ते झेपत नसे, म्हणून थांबत. हिसके बऱ्याच ठिकाणी गेले, सहा महिने मात्र राहिले. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षे पिल्लं वाढवून निरीक्षणं केली आणि १९६५ साली प्रसिद्ध केली. त्यातून दिसलं, की पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. या काळात जे सहज भेटलं ते आपलं, जे भेटलंच नाही त्याची पुढे धास्ती. आपल्याकडे याचा अर्थ कुकरची शिट्टी, मिक्सर, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, रेनकोट, काठी टेकत चालणारे आजोबा, लांबून ऐकू येणारा ढोल-ताशा. सहा महिने वाट पाहिलीत, तर ही खिडकी बंद होऊन तीन महिने झालेले असतात.

'पण लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी बाहेर नेऊ नका' असंही कोणीतरी सांगतंच. यात तथ्य आहे. पार्वो हा विषाणू पिल्लांसाठी भयंकर आहे आणि तो मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून भटकी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन गेटपर्यंत जायला काय हरकत आहे? आम्ही चिंगीला रोज संध्याकाळी कापडी पिशवीत बसवून भाजीवाल्यापर्यंत न्यायचो. मुंडकं तेवढं बाहेर.

आता नाक घासण्याबद्दल. नाक दाबलं की तोंड उघडतं हे माणसांच्या बाबतीत खरं असेल. पिल्लाला मात्र आपली कृती आणि तिचं फळ यांची सांगड घालायला एखाद-दोन सेकंदच मिळतात. तुम्ही ऑफिसातून येऊन दहा मिनिटांनी सोफ्यामागचा डाग पाहता, त्याला मानगुटीला धरून तिथे नेता. त्याला एवढंच कळतं, की हा माणूस दारातून आला की कधीकधी बिथरतो. जे हुशार असतं ते पुढच्या वेळी पलंगाखाली जाऊन कार्यक्रम उरकतं, आणि तुमच्यासमोर बाहेर नेल्यावरही करत नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं: 'त्याला कळतं हो, तोंडच अपराधी होतं!' न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खरोखर चूक केली होती का यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की दिसायचा. काहीही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती.

मग करायचं काय? घड्याळ बघायचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास तग धरतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, आणि काम होताच तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. घरात परतल्यावर नाही. चूक झालीच तर मुकाट्याने पुसायचं. फिनेलने पुसून भागत नाही. आपल्याला वास गेला असं वाटतं, पिल्लाच्या नाकाला तो येतच असतो. एन्झाइमवाला, म्हणजे लघवीतले वासाचे घटकच मोडणारा क्लीनर वापरा. आम्हाला हे जमायला सात दिवस नाही, सात आठवडे लागले, आणि पाहुणे आले की आनंदाच्या भरात पायपुसण्यावर अजून दोन थेंब पडतात.

म्होरक्याची गोष्ट चाळीतल्या अफवेसारखी पसरली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या मारामाऱ्या नोंदवल्या, तिथून ही कल्पना रुजली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. नंतर त्याच मीच यांनी रानातले कळप पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. स्वतःचंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. उताणं पाडून दाबलेलं पिल्लू शांत होतं ते आदराने नव्हे, भीतीने गोठतं. मोठं झाल्यावर तेच चावू शकतं आणि मग 'अचानक चावला' म्हणतात. आधी कोण जेवलं याच्याशी तर त्याला काही देणंघेणंच नाही.

खाऊ म्हणजे लाच? लाच कामाआधी, पगार कामानंतर. पहिले दोन-चार दिवस खाऊ आमिषासारखा हातात दिसतो हे कबूल. शेंगदाण्याएवढा चिकनचा तुकडा नाकासमोर धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड आपोआप खाली येतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. पाचव्या-सहाव्या दिवशी तीच खूण रिकाम्या हाताने, खाऊ दुसऱ्या हातातून. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चारदा, जेवणाआधी. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, दरडावून आणि हिसके देऊन शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री जास्त ताणात आढळली. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं.

गावठीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मुधोळ ही कर्नाटकातली देशी शिकारी जात, तिच्या कुत्र्यांना भारतीय लष्कराने २०१६ पासून मेरठला प्रशिक्षण दिलं. आणि चिंगी पुण्यात पाषाणच्या एका गॅरेजमागे सापडली.

राहता राहिलं इंग्रजी. पिल्लाला भाषा नसते, आवाज असतो. अडचण मराठीची नव्हे, घरात प्रत्येकाची वेगळी मराठी असण्याची आहे. आमच्याकडे मी 'बस' म्हणायचो, बायको 'खाली बस', मुलगा 'सिट'. त्यात दिवसभर कानावर 'आता बस झालं!', 'बस कर!', 'शाळेची बस आली का?' पोर गोंधळणार नाही तर काय. शेवटी आई वैतागून म्हणाली, 'अगं, बूड टेक ना!' तेव्हापासून हुकूम 'टेक' असा ठरला, फ्रिजवर चिठ्ठीही लावली. तो शोधणारी आई मात्र अजून सवयीने 'बस गं' म्हणते, आणि चिंगी तिच्याकडे बघत शेपटी हलवत उभीच राहते.