पाणी, सेन्सर आणि ६१७४

कॉलेजांतून निघणाऱ्या संशोधन अंकांची टिंगल करायला फारशी अक्कल लागत नाही. एकाच मुखपृष्ठाआड तालुक्यातल्या विहिरींचं पाणी, मग 'आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) आधारित स्मार्ट सिंचन', आणि शेवटी नंबर थिअरीवर, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांवर, पाच-सहा पानं. बढतीचे पॉइंट, 'आज पाठवा, परवा छापतो' असे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं माहीत आहे. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत गुंडाळली गेली, त्यामुळे चांगलं नियतकालिक कोणतं हे आता ज्याचं त्यानं ठरवायचं. मी रसायनशास्त्र शिकवतो, असे अंक माझ्या टेबलावर येतात आणि मी ते वाचतोही. माझं भांडण या खिचडीशी नाहीच. त्यातले आकडे कुणी पडताळून बघत नाही, याच्याशी आहे.

पडताळणीच्या बाबतीत तिघांत उजवा निघतो तो नंबर थिअरीवाला, ज्याला स्टाफरूममध्ये हमखास 'याचा उपयोग काय?' असं ऐकावं लागतं. त्याचा पेपर खोटा असेल तर कागद-पेन घेऊन कुणीही पकडू शकतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर घ्या. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही, प्रयोगशाळा नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. ७२८१ घेऊ: ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. पुढे तीच कृती केली की ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, मग ६१७४. इथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ परत ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. १९४९ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर आपल्याकडच्या मोठ्या मंडळींना कापरेकर दिसले! ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या जाहीर झाली, तीही वेगळ्या मशीनवर, वेगळ्या प्रोग्रॅमने पुन्हा तपासून मगच.

आता पाण्याकडे या. पाण्याच्या पेपरलाही अशी वजाबाकी आहे, हे आपण विसरलोय. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे धन भाराचे एका बाजूला. बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट हे ऋण भाराचे दुसऱ्या बाजूला. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विजेच्या भाराच्या हिशेबात, बेरजा करा. पाण्यावर एकूण विजेचा भार नसतो, त्यामुळे दोन्ही बेरजा साधारण ५ टक्क्यांच्या आत जुळायला हव्यात. एम.एस्सी.च्या मुलांना मी छापील तक्ते देतो आणि हे करायला लावतो. काही तक्त्यांत तफावत इतकी निघते की मुलं माझ्याच तोंडाकडे बघत बसतात.

त्याहून वाईट प्रकार नायट्रेटचा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पण काही लॅब नायट्रेट देतात, काही नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन. नायट्रोजनच्या हिशेबात तीच मर्यादा सुमारे १० होते. दोन्हींत साडेचार पटींच्या आसपास फरक. रिपोर्टवर २० आहे, पण कशाचे २० ते लिहिलेलं नाही. एका अर्थी पाणी निर्धोक, दुसऱ्या अर्थी मर्यादेच्या दुप्पट. आणि तान्ह्या बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवलं जातं. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. तुरटीचाही उपयोग नाही.

मग येतो तो लाडका 'वॉटर क्वालिटी इंडेक्स'. दहा-बारा घटकांचा एक आकडा करायचा आणि विहिरीला 'उत्तम', 'चांगली', 'खराब' असं प्रमाणपत्र द्यायचं. नेहमीच्या पद्धतीत ज्या घटकाची मर्यादा लहान, त्याला वजन जास्त. फ्लोराइडची मर्यादा १, नायट्रेटची ४५. म्हणजे नायट्रेटला फ्लोराइडच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याइतकं वजन. बाकी सगळं ठीक असेल तर नायट्रेट ८० असलेली विहीरसुद्धा ऐटीत 'चांगली'त जाऊन बसते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त नमुने नायट्रेटची मर्यादा ओलांडणारे होते. अशा राज्यात नायट्रेटला झाकणारा निर्देशांक वापरायचा, याला काय म्हणावं?

स्मार्ट शेतीबद्दल थोडक्यात, कारण तिथे लिहिण्यासारखं कमी आणि फोटो जास्त. फोटोत बहुतेक वेळा कुंडी असते. कुंडीत दोन दातांचा स्वस्त सेन्सर, शेजारी ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जोडायची पट्टी), मोबाईलवर हिरवा आलेख. तो सेन्सर मातीतून वीज सोडून ओल मोजतो. ठिबकमधून खत सोडलं की क्षार वाढतात आणि त्याला माती जास्त ओली वाटायला लागते. काळ्या रानात भेग पडून दातांभोवती हवा शिरली की तीच माती कोरडी. दातांवरचा तांब्याचा थर झिजतो तो वेगळाच. मूठभर माती दाबून वापसा (मशागतीजोगी ओल) ओळखणारा शेतकरी याच्यापेक्षा बरा. पडताळणी इथेही अवघड नाही. तीच माती १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, आधीचं नि नंतरचं वजन घ्या, सेन्सरचा आकडा शेजारी मांडा. हा एक तक्ता ज्या पेपरात नाही, तो मी पुढे वाचत नाही. (आणि थ्री फेज लाईट रात्रीच येणार असेल तर ॲप दुपारी 'पाणी द्या' सांगून काय करणार, हाही प्रश्न आहेच.) मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. बारामतीत उसावर एआयचे प्रयोग चाललेत, जून २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून ५०० कोटींची तरतूद केली. पैसा येतोय, म्हणूनच आत्ता बोलायचं.

कारण पाणी आणि शेती हे दोन पेपर मुळात एकाच रानातले आहेत. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २०.७ किलो. तो सगळा नायट्रेट होऊन खाली झिरपला, तर जवळपास ९२ किलो नायट्रेट. लिटरला ४५ मिलिग्रॅमने भागा: २० लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेला टेकवायला एक गोणी पुरे. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते अडीच लाख लिटर. म्हणजे अशा आठ विहिरी. अर्थात सगळा नायट्रोजन खाली जात नाही. पीक घेतं, काही हवेत उडतो. पण किती जातो, हे सेन्सरवाल्याने आणि पाणीवाल्याने एकाच शेतात उभं राहून मोजायला हवं. दोघं एकाच अंकात छापून येतात, एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, आणि एकमेकांचे तक्ते उघडून बघत नाहीत.

या उन्हाळ्यात ज्यांचे प्रोजेक्ट चालू होतायत त्यांना विनंती: ज्या विहिरीचं पाणी न्याल तिच्या मालकाला निकाल मराठीत, एककासकट, कागदावर द्या. आणि ज्यांच्याकडे जुना रिपोर्ट पडून आहे त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका, नाव-गट नंबर झाकून. 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट नायट्रोजन', ते बघून सांगतो. नव्याने तपासणार असाल तर आधी पंप दहा मिनिटं चालू ठेवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी लॅबला पोचवा. सरबताची धुतलेली बाटली चालणार नाही.