बैठकीची वेळ कोण ठरवतं?

गरिबी, विषमता आणि हवामानाचा अन्याय यांवर देशोदेशीच्या तळागाळातल्या लोकांनी एकत्र येऊन काम करायचं, याबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं. मला थोडं कडू बोलायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मी या क्षेत्राच्या कडेकडेने वावरते. प्रपोजलची भाषा नीट करून देणं, रिपोर्ट तपासणं, ऑनलाइन बैठकीत दुभाषी म्हणून बसणं, असली कामं. त्यातून एक सवय लागली आहे. कुठल्या भागीदारीत किती दम आहे हे बघायचं असेल तर मी तिचं ध्येयवाक्य वाचतच नाही. बैठक कुणाच्या सोयीच्या वेळेला लागते आणि बजेटमधला एक आकडा इकडचा तिकडे करायला कुणाला विचारावं लागतं, एवढंच बघते. एका बैठकीत पुराने घर गेलेली बाई आपल्या वेळेनुसार मध्यरात्र उलटेपर्यंत जागी होती. तिला बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यातही तिने काय बोलावं हे आधी लिहून पाठवलेलं होतं! पैसा देणाऱ्या संस्थेचं, म्हणजे फंडरचं, नाव घेत नाही. तो एकटाच असा असता तर पोस्ट लिहिलीच नसती.

चांगली उदाहरणं नाहीत असं मात्र नाही.

१९८०च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली. सोबत स्पार्क ही संस्था होती आणि जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ होता. सरकारी कागदावर या बायका नव्हत्याच. तेव्हा झोपड्या किती, माणसं किती, कुठून आली, पोटासाठी काय करतात, याची मोजणी त्यांनी स्वतः करायला घेतली. जोडीला बचत गट. अधिकाऱ्यासमोर बसताना हातात स्वतःचा आकडा असला की बोलण्याचा सूरच बदलतो. पुढे नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमधली माणसं आणि या बायका यांचं एकमेकांकडे जाणं-येणं सुरू झालं, आणि १९९६ मध्ये त्यातून स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल हे जाळं तयार झालं. आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या वस्त्या त्यात आहेत.

यात शिकवायला कन्सल्टंट गेला नव्हता, फुटपाथवरची बाई गेली होती. ‘आम्ही गरीब, आम्हाला हिशेब कसा जमणार’ असं तिच्यासमोर कोण म्हणणार? तिचंही बिऱ्हाड रस्त्यावरच होतं आणि तिला जमलं होतं. कितीही भारी कार्यशाळा घेतली तरी हे तिथे मिळत नाही. बाहेरचा पैसा या कामातही होता, पण काय शिकायचं आणि कुणाकडून, हे वस्त्यांनी ठरवलं.

दुसरं उदाहरण पेरूमधलं, आणि ते मला जास्त आवडतं, कारण त्यात शेवटी हार आहे. सौल लुसियानो लियुया हे वाराझचे शेतकरी, डोंगरात वाटाड्याचंही काम करतात. शहराच्या वर पाल्काकोचा नावाचं हिमनदीचं तळं आहे. १९४१ मध्ये ते फुटलं आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. आता हिमनदी वितळून ते पुन्हा फुगलंय. या माणसाने २०१५ मध्ये थेट जर्मनीत जाऊन आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. मागणी काय, तर जगाच्या आजवरच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात तुमचा वाटा सुमारे अर्धा टक्का आहे, तेव्हा तळ्यापासून बचावाच्या खर्चातलाही तेवढाच वाटा उचला. रक्कम साधारण १७ हजार युरो. एवढी रक्कम अशा कंपनीच्या हिशेबात दिसणारही नाही, आणि तरीही कंपनी दहा वर्षं लढली, कारण १७ हजार दिले की तत्त्व मान्य केल्यासारखं होतं.

जर्मनवॉच ही तिथली संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. वकील, शास्त्रज्ञ, कोर्टाचा खर्च हे सगळं एकट्या शेतकऱ्याला कधीच जमलं नसतं. पण दावा त्यांचा, घर त्यांचं, फिर्यादी म्हणून नाव त्यांचं. २०२२ मध्ये जर्मन कोर्टाची माणसं तळं आणि घर बघायला पेरूला गेली. मे २०२५ मध्ये हाम इथल्या उच्च न्यायालयाने दावा फेटाळला; या विशिष्ट घराला असलेला धोका पुरेसा नाही म्हणाले. पण मोठे उत्सर्जक दूरच्या देशातल्या नुकसानीलाही कायद्याने जबाबदार धरले जाऊ शकतात, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलं. ते आता निकालपत्रात आहे आणि पुढचे फिर्यादी तिथून सुरुवात करतील.

पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटदेशाचंही तसंच. २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. इतर खंडांतली तरुण मंडळी त्यांना येऊन मिळाली, वानुआतूच्या सरकारने विषय उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं मत आलं: हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची वेळ येऊ शकते. हे मत बंधनकारक नाही, ठाऊक आहे. तरी सहा वर्षांत वर्गातून हेगच्या या न्यायालयाच्या मतापर्यंत पोचलेला दुसरा गृहपाठ मला माहीत नाही.

आता पैसा. इथे माझी चिडचिड होते, आधीच सांगते.

२०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत बड्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की मानवतावादी मदतीतला किमान २५ टक्के निधी २०२० पर्यंत शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जाईल. ते झालं नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जंगलांवरच्या हक्कांसाठी आदिवासी आणि स्थानिक समुदायांना १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षाचा हिशेब आला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या संघटनांच्या हातात थेट पडलेला वाटा होता ७ टक्के. आणि हा आकडा देणगीदारांच्याच अहवालातला आहे, कुणा विरोधकाने काढलेला नाही. बाकीचं मधल्या संस्था, सल्लागार आणि सरकारी यंत्रणांच्या वाटेने गेलं. त्यातलं काही झिरपून खाली पोचलंही असेल, मी नाकारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: लहान संस्थांना हिशेब ठेवता येत नाहीत, पैसे खातील. खातीलही काही. पण मोठ्या संस्थांना जो माफक विश्वास फुकट मिळतो, तो लहानांना चाळीस पानी फॉर्म भरूनही मिळत नाही. तीन माणसांच्या संघटनेतला एक माणूस वर्षभर फक्त रिपोर्टिंगला जुंपलेला मी बघितलाय. आणि प्रोजेक्ट दोन वर्षांचा. दोन वर्षांत कुठलं जंगल वाढतं?

मात्र ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप शुद्ध, हेही मला पटत नाही. गावातसुद्धा बोलणारे तेच चार जण असतात, जमीन त्यांचीच असते, आणि समितीत बाई असते ती सहीपुरती. पैसा थेट पाठवला की तो या चौघांकडे जाऊ शकतो. म्हणून महिला मिलनचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी बायकांची बचत, त्यांचा हिशेब, त्यांची मोजणी, आणि बाहेरचे लोक त्यानंतर. हा क्रम वेळखाऊ आहे आणि फंडरचं आर्थिक वर्ष त्याच्यासाठी थांबत नाही. भांडण खरं तर इथेच आहे.

ब्राझीलने पुढाकार घेतलेल्या उष्णकटिबंधीय जंगलांच्या नव्या निधीत आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी किमान २० टक्के वाटा लिहून ठेवला आहे. लिहिलाय, हे चांगलंच. पैसे वाटले जायला लागले की मी त्या अहवालात घोषणा सोडून एकच रकाना शोधणार आहे: समुदायांच्या हातात थेट किती पडले. तुमच्यापैकी कुणी अशा निधीच्या आत काम करत असेल, तर खात्यात पैसे यायला प्रत्यक्षात किती महिने लागतात ते खाली लिहा. नाव नका लिहू, महिने लिहा.