देवाचं करा, पण खिडकी लावून घ्या

तुम्ही देवाला मानता, याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती त्याच्यापायी तुम्ही एखाद्या ठिकाणी ‘नाही’ म्हणता तेव्हा. म्हणून नवशिक्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. मी बरीच वर्षं श्रद्धाळू आहे आणि ती श्रद्धा आजवर एकदाही माझ्या अंगाशी आलेली नाही, यावरूनच माझा अधिकार लक्षात यावा.

आधी खिडकीचं बघू. बायबलमध्ये दानीएलाची गोष्ट आहे. दारयावेश राजाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. जळणाऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, पण सापडेना. (पहिली चूक इथेच झाली. माणसानं थोडी खोट ठेवावी, चारचौघांना बरं वाटतं.) मग त्यांनी राजाकडून फर्मान काढून घेतलं, की 30 दिवस राजाखेरीज कुणापुढेही, देवापुढेसुद्धा, हात पसरायचे नाहीत. पसरेल त्याची रवानगी सिंहांच्या गुहेत. आता 30 दिवस म्हणजे असे किती? देव कुठे पळून जाणार होता? एकतिसाव्या दिवशी मागची थकबाकी धरून प्रार्थना करता आली असती. अगदीच राहवलं नाही तर पांघरुणात तोंड घालून मनातल्या मनात. फर्मान मागण्याबद्दल होतं, खिडकीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पण हा गृहस्थ घरी गेला, माडी चढला आणि यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांसमोर गुडघे टेकून बसला. दिवसातून तीनदा, रोजच्यासारखा. अहो, खिडकी लावायला वेळ तो किती लागतो!

मी लावतो. जेवणाआधी देवाचे आभार मानायची मला लहानपणापासूनची सवय. ऑफिसात सगळ्यांसमोर हात जोडून डोळे मिटणं बरं दिसत नाही, म्हणून मी एक पद्धत बसवली आहे. डबा उघडायचा, अंगठा आणि तर्जनी दोन भुवयांवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि कपाळ हळूहळू चोळायचं. बघणाऱ्याला वाटतं, डोकं दुखतंय. सहा-सात सेकंदांत आभार आटपतात. ‘आमेन’च्या जागी नुसतं ‘हं’ म्हणून डब्याकडे वळावं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांना आमच्या टेबलावर बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट ‘काय बिघडतं?’ या प्रश्नाची. दुसऱ्या शतकात स्मुर्ना शहरात पॉलिकार्प नावाचा म्हातारा बिशप होता. त्याला पकडून नेणारे लोक तसे बरे होते, वाटेत समजावतच होते. ख्रिस्ताऐवजी रोमन सम्राटाला प्रभू म्हण, जरासा धूप जाळ आणि सुटून जा, काय बिघडतं? त्यावर म्हाताऱ्यानं अधिकाऱ्यापुढे हिशेब मांडला, की 86 वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली आणि त्यानं माझं काही वाईट केलं नाही. आणि गेला चितेवर. चिमूटभर धुपाचा प्रश्न होता हो!

आमच्याकडे परवा अहवाल सहीला आला. पूर्ण झालेली कामं 40, असा आकडा होता. झाली होती 31. साहेब म्हणाले, “उरलेली होणारच आहेत की, काय बिघडतं?” पेनाचं टोपण काढताना आत काहीतरी टोचलं. ते टोचणारच, त्याला घाबरू नये. अशा वेळी सही जरा अस्पष्ट करावी. ती मनापासून नव्हती, हे देवाला बरोबर कळतं आणि साहेबांना मुळीच कळत नाही.

अडखळत बोलणाऱ्या सहकाऱ्याची नक्कल चालू असेल तर आवाज न काढता हसावं. दात दिसले म्हणजे पुरे.

मुळात गणित सोपं आहे. देव क्षमा करतो, असं शास्त्रात लिहिलंय. व्हॉट्सॲप ग्रुप क्षमा करतो, असं कुठेच लिहिलेलं नाही. मग दुखवायचं कुणाला?

एवढं सांगूनही कुणीतरी एरिक लिडल या धावपटूला पुढे करेलच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली, प्रभूचा दिवस म्हणून हा धावला नाही, आणि मग 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक! या गोष्टीपासून सावध राहा. ती सांगणारा पदकापासून सुरुवात करून मागे येतो. ‘नाही’ म्हणायच्या दिवशी कुणाच्याही खिशात पदक नसतं.

त्यापेक्षा फ्रांत्स येगरश्टेटरची गोष्ट ऐका, ती सहसा कुणी सांगत नाही. ऑस्ट्रियातला शेतकरी, घरी बायको आणि तीन लहान मुली. हिटलरसाठी लढणं देवाला मान्य नाही, म्हणून यानं लढायला नकार दिला. गावानं समजावलं, पाद्री बोलले, खुद्द बिशपांनी घरच्यांची जबाबदारी आठवून दिली. देवाच्या माणसांचं तरी ऐकावं की नाही? 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला, वय 36. त्याच्या बायकोला युद्धानंतरही कित्येक वर्षं पेन्शन नाकारली गेली. कॅथलिक चर्चनं त्याला ‘धन्य’ (म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे) जाहीर केलं ते 2007 मध्ये. 64 वर्षं थांबायची तयारी असेल तर खुशाल खिडकी उघडा.

माझी पद्धत त्यापेक्षा निर्धोक आहे, फक्त एक बारीकशी अडचण सांगायची राहिली. समोरच्या टेबलावर एक बाई बसतात. तीन वर्षं झाली, त्याही डबा उघडला की अंगठा आणि तर्जनी भुवयांवर टेकवून कपाळ चोळतात. सहा-सात सेकंद. मग डब्याकडे वळतात. मी त्यांना मागे एकदा डोकेदुखीची गोळी दिली होती. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मला एक आणून दिली.