"मागे कोण बसणार, लेबरच ना?"

आज सकाळी दादाबरोबर नवीन पिकअप बघायला गेले होते आणि तिथून आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी आत्ताच पुढे सरका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भांडुपला आमचा गाळा आहे, इंटिरियरची कामं करतो. पप्पांनी सुरू केलं, आता साईट दादा बघतो आणि बिलं, जीएसटी, पार्ट्यांचे फोन माझ्याकडे. जुनी सिंगल केबिन पिकअप (पुढे एकच सीटची रांग, मागे मालाचा उघडा हौदा) आता दर महिन्याला गॅरेजला जाऊन बसते, म्हणून नवीन घ्यायचीय. दादाचं आधीच ठरलेलं, परत सिंगल केबिन, मोठा हौदा. मी म्हटलं डबल केबिन तरी बघू, म्हणजे मागे माणसांसाठी अजून एक सीट. त्या सेल्सवाल्याने (शोरूम कुठलं ते लिहीत नाही, त्याच्या नोकरीवर कशाला उठायचं) दरवाजा उघडून दिला, मी मागे जाऊन बसले आणि साधे प्रश्न विचारले, की पाठ एवढी सरळ का, डोकं टेकायला काही आहे का, एसीची हवा इथपर्यंत येते का. तर तो हसून म्हणतो, "मॅडम, मागे कोण बसणार, लेबरच ना? ते अ‍ॅडजस्ट करतात."

आणि दादा पण हसला.

सेल्सवाल्याचं सोडा, त्याला काय, महिन्याचं टार्गेट असतं. पण दादा हसला ना, ते डोक्यात गेलं.

कारण मी बसलेय मागे. सीटवर नाही, हौद्यात. कॉलेजला होते, पप्पांबरोबर नालासोपाऱ्याच्या साईटवर मेजरमेंट लिहून घ्यायला गेले होते. परत निघताना पार्टीच्या डिझायनर मॅडमना ठाण्याला सोडायचं होतं, त्या पुढे, पप्पा पुढे, ड्रायव्हर पुढे, झाली केबिन फुल. मी म्हटलं मी बसते मागे, मजा येईल. मागे मिस्त्री, दोन हेल्पर, कटर मशीन, लॅमिनेटचे गुंडाळलेले रोल आणि मी. घोडबंदरला गायमुखच्या आधी पाऊस आला, जुलैचा, आडवातिडवा. मिस्त्रींनी ताडपत्री काढली आणि ती पहिली टाकली मशीनवर. मग लॅमिनेटवर. मग जे टोक उरलं ते माझ्या डोक्यावर धरून बसले, एका हातात ताडपत्री, दुसऱ्या हाताने दोरी बांधायचा हूक घट्ट पकडलेला. स्वतः पूर्ण भिजत. हेल्पर पोरं तर ताडपत्रीच्या वाट्याला आलीच नाहीत. कुणी काही बोललं नाही कारण त्यांच्यासाठी त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच, हाच क्रम असतो, आधी माल.

असो. गाडीवर येते.

गंमत म्हणजे आजच दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर डलासहून आतेभावाचा मेसेज. बंट्या पिकअप घेतोय, सेकंडहँड फोर्ड एफ-150, आणि विचारतोय सुपरकॅब घेऊ का सुपरक्रू. तिकडे आपल्यासारखं सिंगल नाहीतर डबल असं नसतं, मध्ये एक एक्स्टेंडेड कॅब नावाचा प्रकार असतो. म्हणजे पुढच्या सीटमागे केबिन थोडी वाढवलेली, तिथे एक आखूड सीट, आणि मागचे छोटे दरवाजे उलटे उघडणारे, तेही पुढचा दरवाजा आधी उघडल्याशिवाय उघडत नाहीत. फोर्ड त्यालाच सुपरकॅब म्हणते. चार पूर्ण दरवाजे आणि माणसासारखी मागची सीट हवी असेल तर क्रू कॅब, म्हणजे सुपरक्रू. आपल्याकडे इसुझूने सुरुवातीला डी-मॅक्स पिकअपची स्पेस कॅब म्हणून असा अर्धा प्रकार आणला होता, पण तो काही इथे रुजला नाही.

बंट्याचा कल अर्थात सुपरकॅबकडे. स्वस्त पडते आणि हौदा साडेसहा फुटांचा मिळतो, सुपरक्रू घेतली तर बहुतेक साडेपाच फुटांचा. त्याला शनिवार-रविवार सुतारकामाची हौस आहे (खरे सुतार बघितले असते तर ही हौस राहिली नसती, पण ते जाऊ दे). मी त्याला विचारलं, दोन पोरांच्या कारसीट आणि दर उन्हाळ्यात तिकडे येणारी आत्या, हे सगळे कुठे बसणार? तर उत्तर काय, "अगं आई अ‍ॅडजस्ट करेल, थोडंच अंतर असतं."

करेल! आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय बंट्या! सुपरकॅबला मागे पाय ठेवायला साडेतेहेतीस इंच आणि सुपरक्रूला साडेत्रेचाळीसच्या वर, दहा इंचांचा फरक आहे, आणि साडेसहा फुटी हौद्याची सुपरकॅब आणि साडेपाच फुटी हौद्याची सुपरक्रू यांची एकूण लांबी एकच, 19 फुटांच्या वर. म्हणजे पार्किंगला दोन्ही सारख्याच. फूटभर जागा प्लायवूडला द्यायची की आईच्या गुडघ्यांना, एवढाच प्रश्न आहे आणि तो प्लायवूडला देऊन मोकळा झाला.

आणि ते उलटे दरवाजे. मॉलच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी लागलेली असताना पुढचा दरवाजा उघडा, मग मागचा उघडा, की दोन्ही दरवाज्यांच्या मध्ये तुम्ही अडकलात, हातात झोपलेलं पोर. ज्यांना एकट्याला फिरायचंय आणि मागे फक्त बॅगा, हत्यारं, कुत्रा ठेवायचाय त्यांना सुपरकॅब उत्तम आहे, हे मान्य. टोयोटाने तर 2024 च्या टॅकोमा पिकअपच्या एक्स्ट्राकॅबमधून (त्यांची सुपरकॅबच) मागची सीटच काढून टाकली, सामान ठेवा म्हणाले. मला हे आवडलं, प्रामाणिक आहे. माणूस बसवायचा नाही तर सीट दाखवू नका. शेवरलेने कोलोरॅडो पिकअपला 2023 पासून फक्त क्रू कॅबच ठेवली, फोर्डने नवी रेंजर अमेरिकेत क्रू कॅबमध्येच आणली. कंपन्यांना कळलं, बंट्याला कळत नाही.

तर दुपारी बंट्या बोलला आणि सकाळी दादा हसला, दोघांचं म्हणणं एकच. अ‍ॅडजस्ट करतील. आणि दोघेही स्टिअरिंगमागून बोलतायत. कुठल्याही घरात बघा, गाडी ठरवणारा माणूस पुढे बसणारा असतो, मागे जो बसणार त्याला कुणी शोरूमला नेतच नाही.

आता दादाची बाजू. नाही लिहिली तर तो कमेंटमध्ये येऊन लिहीलच. सिंगल केबिन बोलेरो पिकअप 1700 किलोपर्यंत माल घेते, हौदा 9 फुटांपर्यंत मिळतो, 8 बाय 4 ची प्लाय आरामात आडवी. तिचीच डबल केबिन बहीण बोलेरो कॅम्पर, तिला 1000 किलो आणि हौदा पाच फुटांच्या आसपास. शीट तीन फूट बाहेर आली की दंड, माल बाहेर काढून नेला तर नव्या कायद्यात 20,000 रुपये आहेत. हे सगळं खरं आहे. बरोबर आहे. मान्य.

पण दादा, 18 एमएमची एक शीट 30-35 किलो धर. 1000 किलोत तीस शीट झाल्या. आपण एका फेरीत तीस शीट कधी नेल्या सांग. प्लायवाला स्वतःच्या टेम्पोने साईटवर माल टाकतो, लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने चढवायचे पैसे वेगळे घेतो, ती बिलं माझ्याकडेच येतात. आपल्या गाडीतून काय जातं? कटर, ड्रिल, कंप्रेसर, फेविकॉलचे ड्रम, परत येताना रॅबिटच्या, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याच्या गोण्या. आणि माणसं. रोज माणसं. आरसीवर बसायची क्षमता ड्रायव्हर धरून दोन नाहीतर तीन, आणि हौद्यात पाच-सहा जण गोण्यांवर. मालाच्या गाडीत माणसं भरायची नसतात हे सगळ्या मुंबईला माहीत आहे आणि सगळी मुंबई सकाळी आठला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हेच करत असते. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले कागद नाचवत बसतील, ते मिस्त्रींच्या बायकोला कोण समजावणार, मी?

"लोकलने येऊ दे ना त्यांना" हे पण ऐकलंय. सोसायट्या काम करायला देतात दहा ते सहा, त्यात दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. म्हणजे माणूस साडेसहाला मोकळा होतो, खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात ड्रिल, आणि तुम्ही त्याला दादरला त्या गर्दीच्या वेळी कल्याण फास्टमध्ये चढायला सांगताय. चढून दाखवा तुम्ही. रिकाम्या हाताने चढून दाखवा.

लिहिता लिहिता अजून एक आठवलं आणि अजून राग आला. पवईत एका पार्टीच्या बिल्डिंगखाली टोयोटाची हायलक्स पिकअप उभी असते. चकाचक. सव्वापाच मीटरच्या वर लांब, साडेचार मीटरच्या छोट्या स्लॉटमध्ये मावत नाही म्हणून सोसायटीत भांडणं झाली म्हणे. चार दरवाजे, मागे गुबगुबीत सीट, हौद्यावर झाकण. त्या हौद्यात आजवर सिमेंटची एक गोणी गेली नसेल, मागच्या सीटवर जिमची बॅग. ज्याच्याकडे मागे बसवायला माणसं आहेत तो सिंगल केबिन घेतो आणि ज्याच्याकडे कुणी नाही तो डबल. ठीक आहे, त्याचे पैसे, त्याची हौस. मला काय करायचंय.

त्या रात्री घोडबंदरला केबिनच्या मागच्या काचेतून मला पप्पांचं डोकं दिसत होतं. वायपर चालू होता, डिझायनर मॅडम काहीतरी सांगत होत्या आणि पप्पा मान डोलवत होते. मी काच वाजवली नाही कारण मिस्त्री म्हणाले, "दीदी, रहने दो, साहब बात कर रहे हैं." पप्पा वाईट माणूस नाहीत हो. मिस्त्रींच्या मुलीच्या लग्नाला गोरखपूरपर्यंत जाऊन आलेत, आहेर करून आलेत. पण गाडीत बसताना त्यांच्या डोक्यात आलंच नाही, आणि ठाण्याला मॅडम उतरल्यावर मला पुढे बोलावलं तेव्हाही जागा एकच रिकामी झाली होती. मी पुढे आले. हूक धरून हाताला गंजाचा लाल डाग पडला होता तो मी रुमालाने पुसला आणि पप्पांनी हीटर लावला.

दादालाही शिव्या घालायच्या नाहीयेत मला. ईएमआय तो भरतो, पार्टी पेमेंट अडकवते तेव्हा झोप त्याची उडते, लॉकडाऊनमध्ये कामं बंद असताना हेल्पर पोरांच्या रूमचं भाडं त्याने भरलंय, ते कुणाला सांगत पण नाही. डबल केबिनला जास्त पैसे जातात आणि माल कमी बसतो, धंदा करणारा माणूस हिशोब करणारच. मी फक्त म्हणतेय की हिशोबात ती पाच माणसं पण धर. रोज साईटवर पोचल्यावर अर्धा तास पाठ धरून बसतात, तो अर्धा तास पण तूच देतोस ना?

आत्ता हे लिहीत असताना दादा किचनमध्ये वहिनीला सांगतोय की मी फेसबुकवर त्याची इज्जत काढतेय. काढतेय. रविवारी परत जायचंय टोकन द्यायला. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलंय, रविवारी कामाला सुट्टी असली तरी शोरूमला यायचं, मागे बसायचं, दोन्ही हेल्परना घेऊन बसायचं, आणि टेस्ट ड्राईव्ह त्यांना मागे बसवून भांडुप ते मुलुंड एलबीएस रोडने, हायवेने नाही. तो सेल्सवाला काय अ‍ॅडजस्ट करतो ते बघू. मिस्त्री आधी "अरे नहीं दीदी" करत होते, मग हळूच विचारलं, "एसी पीछे तक आता है क्या?" तेच मी विचारलं होतं.

बंट्याला मी एकच उत्तर दिलंय, आत्या सुपरकॅबच्या मागे तासभर बसून दाखवेल तेव्हा घे. आत्याने ग्रुपवर अंगठा टाकलाय, कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

आता कामाचं. डबल केबिनच्या वर 8 बाय 4 च्या चार-पाच शीट ठेवता येतील असं अँगलचं कॅरियर पक्कं बनवून देणारा, आरटीओच्या नियमात बसवून, कुर्ला ते मुलुंड पट्ट्यात कुणाच्या माहितीत आहे का? आणि कॅम्पर किंवा टाटाची योद्धा क्रू कॅब कुणी साईटसाठी रोज वापरत असेल तर मागच्या सीटबद्दल खरं खरं सांगा. मागे बसणाऱ्याला विचारून सांगा, मायलेज काय देते ते मला नकोय, ते दादाला पाठ आहे.