अर्धी गोळी: 'एक पुणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाळीत गोळी घ्यायला लाज कसली, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: मी गोळ्यांची जाहिरात करतेय, आपल्या आज्यांनी गोळीशिवाय आठ-आठ बाळंतपणं काढली, आणि पेनकिलरने किडनी जाते. सही नुसती 'एक पुणेकर', त्यामुळे काका म्हणू की मावशी, कळेना.

किडनीचं तुमचं बरोबर आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने रोज घेणारे आमच्या सोसायटीतही आहेत, तेही रिकाम्या पोटी चहाबरोबर. जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना त्याचा फटका बसतो. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

आता आजी. माझी आजी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायची. गुडघ्यांना निर्गुडीचं तेल, वर शेक. जिना चढताना मोठ्याने रामरक्षा म्हणायची. आम्हाला वाटायचं, केवढी भक्ती! सपाटीवर मात्र तिला कधी मोठ्याने म्हणताना ऐकलं नाही, हे लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली. सगळे तिला 'सोशीक' म्हणायचे. हे विशेषण आजोबांना कुणी लावल्याचं आठवत नाही.

आई ५०० ची पॅरासिटामॉल विळीवर धरून दोन करायची. "अर्धीच घे, सवय लागेल." पॅरासिटामॉलची तशी सवय लागत नाही, मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर घेतली तर यकृताला धोका असतो. अर्धी म्हणजे २५० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला अपुरीच. दुखणं राहायचं ते राहतं आणि गोळी घेतल्याचा ठपका मात्र अख्खा लागतो.

याच अर्ध्या गोळीने आमच्या काकांचे हाल केले. कॅन्सर, शेवटचे महिने, घरीच. डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक, दर चार तासांनी लिहून दिलं होतं. काकू एकाआड एक डोस गाळायची. "व्यसन लागलं म्हणजे?" तिलाही काय बोलणार! मध्य प्रदेश-राजस्थानात परवान्याने अफू पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन ठेवायलाच लोक कचरायला लागले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मनातली भीती तशीच राहिली. वारज्यात सिपलाचं वेदनाशमन आणि सांत्वन सेवेचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी घरी येणाऱ्या नर्सताईंनी काकूच्या मोबाईलवर चार-चार तासांचे गजर लावून दिले. "दुखायची वाट बघायची नाही काकू, घड्याळ बघायचं." चौथ्या दिवशी काकांनी पेपर मागितला, आणि शब्दकोड्यातला एक उभा शब्द अडला म्हणून काकूला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.