पीएस-टूचे गेम खेळायला नव्वद हजारांचा लॅपटॉप? फॉरवर्डवाल्यांनो, जरा थांबा

‘लॅपटॉपवर जुने व्हिडिओ गेम खेळायचेत? हे सहा नियम दुकानदार तुम्हाला कधीच सांगणार नाही!’ असा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी नेहमीसारखा पुढे सरकलो. पण दाजींनी तो मनावर घेतला.

दाजी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतात, अंबडच्या एका कंपनीत आहेत. भाचा यंदा इंजिनिअरिंगला गेलाय, त्यामुळे लॅपटॉप घ्यायचाच होता. दाजींचा छुपा बेत असा की माळ्यावर पडलेल्या पीएस-टूच्या (सोनीचा प्लेस्टेशन-टू, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल) डिस्क त्याच लॅपटॉपवर पुन्हा चालवायच्या. बजेट पंचावन्न हजार. फॉरवर्ड वाचला आणि ते नव्वदवर गेलं. मग ताईचा फोन: ‘तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग की यांना काहीतरी, शनिवारी एम.जी. रोडला निघालेत.’

तर सांगतो. फॉरवर्डचे सहा नियम थोडक्यात असे. एक, किमान ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड हवं, नाहीतर इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडणारच नाही. दोन, प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हनच घ्या, जुना सेकंडहँड चालेल, पण आय-थ्री आणि एएमडीच्या रायझनच्या नादी लागू नका. तीन, रॅम ३२ जीबी. चार, स्क्रीन १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी), म्हणजे जुने गेमही १४४ फ्रेमने पळतात. पाच, मॅकवर इम्युलेटर चालत नाहीत. सहा, खालच्या लिंकवरून पासवर्ड लावलेल्या झिपमधला ‘ऑल-इन-वन पॅक’ घ्या, टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवा, आणि घाबरू नका, वीस वर्षांपूर्वीचे गेम कायद्याने फुकट असतात.

ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच जातात. पीएस-टू २००० साली आला. त्याच्या ग्राफिक्स चिपवरची मेमरी होती ४ एमबी, अख्ख्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ एमबी. फॉरवर्डवाला त्यासाठी दोन हजार पटीहून जास्त मेमरीचं कार्ड मागतोय. मूळ गेमचं चित्र साधारण ६४० बाय ४४८ एवढंच असायचं. ते तसंच किंवा दुप्पट-तिप्पट मोठं करून दाखवायला आजच्या बऱ्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स बहुतेक गेमना पुरतं, आणि तिप्पट म्हणजे फुल एचडीच झालं. या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. तेच चित्र फोर-केवर ताणायचं असेल, किंवा निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलच्या डॉल्फिन इम्युलेटरमध्ये २०१७ साली आलेले ‘उबरशेडर’ (चित्र अडखळू नये म्हणून ग्राफिक्सवर जास्त भार टाकणारी सोय) पूर्ण वेळ चालू ठेवायचे असतील, तर वेगळं कार्ड खरंच कामाला येतं. पण दाजींची स्क्रीन फोर-के नाही आणि होणारही नाही.

आता दुसरा नियम. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला सहावा असला, तरी सगळ्यात हास्यास्पद हा आहे.

इम्युलेटर करतो काय? कन्सोलच्या प्रोसेसरला दिलेला प्रत्येक आदेश घेतो, तो आपल्या प्रोसेसरला कळेल असा बदलतो आणि चालवतो, तेही सेकंदाला कोट्यवधी वेळा आणि क्रम न मोडता. पुढचा आदेश मागच्याच्या उत्तरावर अवलंबून असतो, त्यामुळे हे काम दहा कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांना) वाटून देता येत नाही. पीएस-टूच्या पीसीएसएक्स-टू या इम्युलेटरमध्ये भार मुख्यतः दोन-तीन थ्रेडवर (एका वेळी एका कोअरवर चालणाऱ्या कामांवर) पडतो, आणि त्यातलाही एक बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. द्वारका चौकात गाड्या एकामागून एकच सुटत असतील तर मागचा रस्ता सहा पदरी असून उपयोग काय? म्हणून बघायचं ते एका कोअरचा वेग. माझा शब्द नको असेल तर पीसीएसएक्स-टूच्या अधिकृत साइटवर कॉम्प्युटरच्या गरजा दिल्यात, त्या उघडा. तिथे प्रोसेसरसाठी ‘आय-सेव्हन’ असं लिहिलेलं नाही, पासमार्क या चाचणीतल्या सिंगल थ्रेड गुणांवर निकष लावलाय. इम्युलेटर बनवणारी माणसं एका थ्रेडचा वेग विचारतात आणि फॉरवर्डवाला डब्यावरचा स्टिकर बघायला सांगतो. कोणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

स्टिकर कसा फसवतो ते बघा. सेकंडहँड बाजारात ‘आय-सेव्हन आहे साहेब’ म्हणून जे लॅपटॉप दाखवतात, त्यात आय७-७५००यू हमखास सापडतो. हा २०१६ चा, दोनच कोअरचा, कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ. त्याच्यासमोर २०२२ चा आय३-१२१५यू ठेवा. सहा कोअर (दोन मोठे, चार लहान), कमाल ४.४ गिगाहर्ट्झ, शिवाय नव्या पिढीचा कोअर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. पीएस-टूसाठी तो ‘किरकोळ’ आय-थ्री या आय-सेव्हनच्या बराच पुढे आहे. आणि वॉरंटीसकट.

रायझनला सरसकट नावं ठेवणं चूक, पण तिथे एक खरा खड्डा आहे आणि फॉरवर्डवाल्याला नेमका तोच माहीत नाही. ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा, आत कुठल्या पिढीचा कोअर आहे ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकायला नवं, पण तिसरा आकडा २, म्हणजे आत जुना झेन-टू कोअर आणि सोबत अगदीच अशक्त ग्राफिक्स. ७५३०यू मध्ये झेन-थ्री. ७५४०यू मध्ये झेन-फोर. दुकानात तिन्ही ‘रायझन फाइव्ह’ म्हणूनच मांडलेले असतात. दाजी, तो तिसरा आकडा हाताच्या तळव्यावर लिहून न्या.

जास्त कोअर कधीच लागत नाहीत असंही नाही. पीएस-थ्रीचा सेल प्रोसेसरच अनेक तुकड्यांचा होता, एक मुख्य कोअर आणि गेमसाठी सहा छोटे साहाय्यक. त्याचा इम्युलेटर आरपीसीएस-थ्री सहा-आठ कोअर आनंदाने खातो. फॉरवर्ड पीएस-थ्रीबद्दल असता तर मी एवढा भडकलो नसतो. पण त्यात मारिओ, कॉन्ट्रा आणि पीएस-टू एकाच ओळीत कोंबलेत.

उलट्या बाजूचे शहाणेही भेटतात, ‘जुना गेम आहे, कुठल्याही डबड्यावर चालेल’ म्हणणारे. तेही तसं नाही. सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्याची तंतोतंत नक्कल करणाऱ्या बीस्नेस इम्युलेटरला २०११ च्या सुमारास तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा. नक्कल जितकी प्रामाणिक तितकी महाग. आजच्या नव्या लॅपटॉपला ते ओझं नाही, पण माळ्यावरच्या पेंटियमवाल्याला आहे.

आणि एक गोष्ट कुठलाच फॉरवर्ड सांगत नाही: उष्णता. प्रोसेसरचा तो ४.४ गिगाहर्ट्झ कायम टिकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पातळ लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायला बसलात तर थोड्याच वेळात तो तापतो, वेग उतरवतो आणि गेमचा आवाज फाटायला लागतो. टेबलावर ठेवा, चार्जर लावून खेळा. खालच्या जाळ्या मोकळ्या असलेला जरा जाड लॅपटॉप घ्या, मग दिसायला साधा का असेना.

रॅम. ३२ जीबी नको, १६ पुरे. मात्र ८-८ च्या दोन पट्ट्या असाव्यात, कारण अंगचं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच पट्टीवर त्याचा श्वास कोंडतो. आय५-१२३५यू सारख्या प्रोसेसरवर एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सचं नाव आयरिस एक्सईऐवजी नुसतं यूएचडी (म्हणजे कमी ताकदीचं) असं दिसतं. दुकानात लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते बघता येतं.

१४४ हर्ट्झ? पीएस-टूचे गेम सेकंदाला ५० किंवा ६० च्या ठोक्याला बांधलेले असतात, आणि बऱ्याच जुन्या गेममध्ये प्रत्येक फ्रेमला गेमचं घड्याळ एक पाऊल सरकतं. खरंच १४४ ने पळवलात तर गाडी गुळगुळीत धावणार नाही, अडीच पट वेगाने भिंतीवर आदळेल. वर १४४ ला ६० ने पूर्ण भागही जात नाही, त्यामुळे चित्र किंचित अडखळतं. अशी स्क्रीन आलीच पदरी तर ती १२० वर लावा.

मॅकवर चालत नाहीत हे धादांत खोटं. डॉल्फिन ॲपलच्या एम-वन चिपवर २०२१ पासून थेट चालतो.

आता सहावा. कुठलंही पॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करा असं कोणी सांगितलं की तिथेच थांबायचं. कधीकधी अँटिव्हायरस उगाच बोंब मारतो हे खरं, पण पीसीएसएक्स-टू आणि डॉल्फिन दोन्ही फुकट, खुल्या सोर्सचे, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून मिळतात, आणि ते टाकायला काही बंद करावं लागत नाही. मग पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये बांधून अनोळखी लिंकवरून द्यायचं कारण काय? झिपला पासवर्ड असला की स्कॅनरला आत बघता येत नाही, हे कारण. अशा पॅकमधून येणारी चोरटी प्रोग्रॅम्स ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि उघडी लॉगिन उचलून नेतात. दाजींचं नेट बँकिंग त्याच लॅपटॉपवर होणार आहे आणि भाच्याचं कॉलेजचं खातंही. कोणी हे पॅक आधीच टाकलं असेल तर दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

‘वीस वर्षांनी फुकट’ हा नियम कुठल्या देशाचा, कोण जाणे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. वीस वर्षांचा तिथे पत्ता नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घ्यायची मुभा आहे. दाजींकडे डिस्क ओरिजिनल आहेत. पीएस-टूची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरून लावायचा घ्यायचा. बायोसची (कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) फाइल लागते, ती पीसीएसएक्स-टूवाले देत नाहीत, स्वतःच्या कन्सोलमधूनच काढा म्हणतात. त्यासाठी फ्री एमसीबूट (पीएस-टूवर बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मेमरी कार्ड आणि एक पेनड्राइव्ह लागतो. म्हणजे ताई, माळ्यावरचा तो पीएस-टू भंगारवाल्याला देऊ नकोस.